औंधचे राजे, सँडोचे डंबेल्स आणि आजीचा गुडघा

गिरगावातल्या जुन्या चाळीचा लाकडी जिना, दादर स्थानकाचा पूल आणि लालबागच्या बाजारातून दोन पिशव्या घेऊन घरी येण्याची वाट. गुडघे दुखू लागले की साठीपुढच्या मुंबईकर बाईला सगळ्यात आधी हीच ठिकाणे नकोशी होतात. घरचे म्हणतात, आता दगदग करू नकोस. शेजारची म्हणते, जिना टाळ. हळूहळू बाजार सुटतो, देऊळ सुटते, शेवटी खुर्ची आणि पलंग एवढेच जग उरते. या आरामाने गुडघा सुधारत नाही. ज्या स्नायूंच्या आधारावर तो उभा असतो ते मात्र झिजत जातात.

बाईने, आणि तीही उतारवयात, बळ कमवावे हा विचार आपल्याकडे आजचा नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान संस्थानाच्या राजाने तो घरोघरी पोहोचवण्याचा ध्यास घेतला होता. ते औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांचे आयुष्य आज पुन्हा पाहण्यासारखे आहे. त्यांनी काय बरोबर ओळखले आणि त्यांच्या हातून काय निसटले, या दोन्हींत आपल्या गुडघ्यांसाठी धडा आहे.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८९४ साली ते बी. ए. झाले. त्या काळी पदवीधर राजपुत्र विरळाच. औंधला परतल्यावर त्यांनी वडिलांच्या हाताखाली संस्थानचा कारभार पाहिला. चित्रकला, कीर्तन आणि व्यायाम ही त्यांची तीन वेडे. पुढे त्यांनी रामायणावर चित्रे काढली, स्वतः उभे राहून कीर्तने केली आणि यमाईच्या डोंगरावर आज दिसणारे चित्रसंग्रहालय उभारले. पण मराठी माणसाच्या तोंडी त्यांचे नाव राहिले ते व्यायामामुळे.

या व्यायामाची सुरुवात मात्र सूर्यनमस्काराने झाली नाही. ती झाली युजेन सँडोपासून. सँडो म्हटले की आपल्याला दुकानातली बिनबाह्यांची बनियन आठवते. तिला हे नाव ज्याच्यावरून मिळाले तो हा माणूस. १८६७ साली प्रशियात जन्मलेला आणि लंडनमध्ये नावारूपाला आलेला सँडो हा आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक मानला जातो. अवजड वजने उचलून दाखवण्याच्या खेळांतून तो पुढे आला. पण सामान्य लोकांना त्याने विकले ते हलके डंबेल्स, मुठीत दाबायचे स्प्रिंगचे डंबेल्स आणि ताणायच्या रबरी दोऱ्यांचे यंत्र. रोज थोडा वेळ, ठरावीक क्रमाने, मोजून व्यायाम करायचा आणि ताकद आली की ताण वाढवायचा, अशी त्याची पद्धत होती. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा मुंबईतही त्याचे प्रयोग झाले.

सँडो इथे येण्यापूर्वीच भवानराव त्याचे अनुयायी झाले होते. १८९७ साली त्यांनी त्याची पुस्तके आणि साहित्य मागवले आणि सुमारे दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. शरीर कमावले, छाती भरली. पण चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. नमस्कार त्यांना अपरिचित नव्हते. समर्थांच्या परंपरेत आणि आपल्या तालमींत ते चालत आलेलेच होते. भवानरावांनी त्यांना नवे वळण दिले. ठरावीक दहा स्थिती, प्रत्येक स्थितीत श्वास कसा घ्यायचा आणि सोडायचा, गुडघा कुठे ताठ ठेवायचा, कपाळ कुठे टेकायचे, हे सगळे त्यांनी बारकाईने बसवले. सँडोकडून घेतलेली शिस्त त्यांनी घरच्या व्यायामाला लावली, असे म्हणता येईल.

१९०९ साली ते औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले आणि बरेचसे दुष्काळी. तिजोरी बेताची असली तरी राजाची दृष्टी मोठी होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा मिळाली ती याच संस्थानात. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर औंधला येऊन राहिले तेही याच काळात. पुढे १९३९ साली, गांधीजींचा सल्ला घेऊन, भवानरावांनी राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना लागू केली. स्वतःची सत्ता आपण होऊन सोडणारा राजा म्हणून इतिहासाने त्यांची नोंद घेतली आहे.

संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांबरोबर मुलींनाही. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. तालीम ही पुरुषांची जागा होती. बाईच्या वाट्याला दळण, पाणी आणि बाळंतपणे. एवढे कष्ट करणारीला वेगळा व्यायाम कशाला, असा सर्वांचा समज. भवानरावांनी तो मानला नाही. घरकामाने शरीर थकते, पण सगळीकडून सारखे बळकट होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. बाईला तालमीत जाता येत नाही, साहित्य विकत घेता येत नाही आणि वेळही तुटपुंजा असतो. मग तिला चटईएवढ्या जागेत, दार लावून, काही मिनिटांत करता येईल असा व्यायाम हवा. नमस्कार या सगळ्या अटींत बसत होते. राणीसाहेब आणि मुलेही घरात नमस्कार घालत.

१९२८ साली त्यांनी सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक काढले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा अडुसष्टीला टेकलेल्या या राजाची चपळाई पाहून लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंना कुतूहल वाटले. त्यांच्या संपादनाखाली १९३८ साली लंडनहून ‘दि टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक निघाले आणि औंधचे नमस्कार परदेशी वाचकांपर्यंत गेले. इकडे महाराष्ट्रात नमस्कारांची एवढी लाट आली की आचार्य अत्रे यांनी १९३३ सालीच ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक लिहून नमस्काराच्या वेडाने झपाटलेल्या रावबहादुरांची भरपूर थट्टा केली होती. ज्या गोष्टीवर नाटक चालते ती घराघरांत पोहोचलेली असते, हे वेगळे सांगायला नको.

थट्टेला कारणही होते. भवानरावांनी नमस्काराला जवळजवळ सर्वच रोगांवरचा उपाय ठरवले होते. बीजमंत्रांच्या उच्चाराने अमुक अवयव सुधारतो, असेही ते सांगत. या दाव्यांमागे त्यांचा स्वतःचा आणि घरच्यांचा अनुभव होता, लोकांची पत्रे होती. पण ज्यांनी नमस्कार घातले त्यांची, न घालणाऱ्यांशी तुलना करून केलेली मोजणी नव्हती. एखाद्या माणसाला गुण आला म्हणजे उपाय सिद्ध झाला असे विज्ञान मानत नाही. त्याच काळात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंद योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासत होते. १९३२ साली त्यांनी मुंबईतही केंद्र सुरू केले. व्यायाम मोजायचा असतो, ही जाणीव आपल्याकडे रुजू लागली होती.

आता गुडघ्याकडे येऊ. साष्टांग नमस्कारात कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांचे चवडे अशी आठ अंगे जमिनीला लागतात. निरोगी शरीराला हा उत्तम व्यायाम. खांदे, दंड, छाती, पाठ आणि पोट यांना काम मिळते, सांधे मोकळे राहतात. पण ज्या बाईच्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे, तिच्यापुढे तीन अडचणी येतात. पहिली म्हणजे गुडघे जमिनीवर टेकवावे लागतात. दुसरी, एक पाय पुढे घेताना तो गुडघा पूर्ण दुमडतो आणि वाटीच्या मागे दाब वाढतो. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. नमस्कारात वजन म्हणजे आपले स्वतःचे शरीर. ते कमी करता येत नाही. पंचेचाळीस किलोच्या बाईला जो ताण, त्यापेक्षा पंचाहत्तर किलोच्या बाईला कितीतरी अधिक. नमस्कार वाढवायचे तर फक्त संख्या वाढते. भवानरावांनी वयाप्रमाणे संख्या ठरवून दिल्या होत्या, त्या याच कारणाने. संख्येने दमसास वाढतो, पण दुबळ्या मांडीला ताकद येण्यासाठी थोडा थोडा वाढत जाणारा विरोध लागतो.

म्हणजे १९०८ साली भवानरावांनी जे बाजूला ठेवले, त्यातच गुडघ्याच्या कामाची एक गोष्ट होती. सँडोच्या स्प्रिंगा आणि रबरी दोऱ्या कमीजास्त करता येत होत्या. आज फिजिओथेरपिस्ट पेशंटच्या हातात जो रंगीत रबरी पट्टा देतात, तो त्या दोऱ्यांचाच वंशज म्हणायला हरकत नाही.

या तत्त्वाला वैद्यकशास्त्रात जागा मिळाली तीही गुडघ्यामुळेच. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांवर उपचार करताना डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी दुबळ्या मांडीला वजन उचलायला लावले आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. तोवर दुखऱ्या सांध्याला हलक्या हालचाली आणि विश्रांती एवढेच सांगितले जाई. तेव्हा भवानराव सत्त्याहत्तरीत होते. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी, ब्याऐंशी वर्षांचे आयुष्य जगून, ते गेले. त्यानंतर थोड्याच काळात परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली आणि हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. राजाच्या वाड्यातला व्यायाम आणि रुग्णालयातला व्यायाम यांची मुंबईत भेट होण्याची वेळ आली होती.

वृद्धांनी वजन उचलावे का, या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र आणखी चार दशके लागली. १९९० साली डॉ. मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. म्हणजे स्नायूला वय कळते, पण तो शिकणे थांबवत नाही. १९९७ साली, गुडघ्याचा संधिवात असलेल्या साठीपुढच्या ४३९ जणांवर केलेला अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा महिने चालण्याचा किंवा ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे आणि अडचणी, नुसती माहिती मिळालेल्यांपेक्षा थोड्या पण निश्चित कमी झाल्या.

याला एक दुसरी बाजूही आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खूप जड वजने, हलकी वजने आणि व्यायामाविना नुसते आरोग्यवर्ग अशी तुलना अठरा महिने केली. गुडघ्याच्या दुखण्यात जड वजनांचा वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा जितके जड तितके चांगले, असे समजून जिममध्ये लोखंड खेचण्याची गरज नाही. आपल्याला झेपेल, थोडे कठीण वाटेल आणि वर्षानुवर्षे करता येईल असा व्यायाम हवा. शिवाय व्यायामाने झिजलेली कूर्चा परत उगवत नाही. फायदा होतो तो दुखणे, उठणे-बसणे, जिना आणि तोल यांत.

हे कसे घडते? कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातले पाणी तिच्यात आतबाहेर होते तेव्हाच तिला पोषण मिळते, आणि त्यासाठी दाब पडणे व सुटणे, म्हणजे हालचाल, लागते. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू बळकट असला तर पाय टेकताना बसणारा हिसका तो झेलतो. तो दुबळा असला की हिसका हाडापर्यंत जातो. दुखते म्हणून बाई चालत नाही, चालत नाही म्हणून स्नायू आणखी दुबळा होतो आणि मग अधिक दुखते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांचे स्नायू आणि हाडे दोन्ही झपाट्याने झिजतात, त्यामुळे हे चक्र त्यांच्यात लवकर फिरते. वजन जास्त असेल तर ते थोडे कमी करण्यालाही मोल आहे. शरीराचे एक किलो कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे एका अभ्यासात आढळले आहे.

गुडघा बदलला की हे सगळे संपले, असा अनेकींचा समज असतो. शस्त्रक्रियेत सांधा बदलतो, स्नायू जुनाच राहतो. उलट शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात मांडीची ताकद आधीच्या निम्म्याहूनही खाली गेल्याचे मोजले गेले आहे. सूज आणि दुखणे असले की मेंदू त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणून शस्त्रक्रियेआधी काही आठवडे आणि नंतर काही महिने ताकदीचा व्यायाम हा उपचाराचाच भाग धरावा. घरी सोडल्यावर पहिले पंधरा दिवस केलेले व्यायाम पुढे आपोआप पुरत नाहीत.

घरी काय करता येईल? खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली आणायचा. सोपे वाटू लागले की घोट्याला अर्ध्या किलोची वजनपट्टी बांधायची आणि पुढे वजन वाढवायचे. उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचे आणि सावकाश बसायचे. सुरुवातीला आसनावर उशी ठेवावी, ताकद आली की ती काढावी. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर उचलावी. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. चाळीच्या जिन्याची सर्वांत खालची पायरी, कठड्याला धरून, चढावी आणि उतरावी. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. शेवटचे दोन वेळा थोडे जड गेले पाहिजेत. तेही सहज झाले तर वजन वाढवायची वेळ आली असे समजावे. श्वास कोंडू नये, विशेषतः रक्तदाब असेल तर.

नमस्कार आयुष्यभर घातलेल्या बाईला ते सोडवत नाहीत. तिने ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून, किंवा खुर्चीवर बसून ते घालावेत. गुडघे जमिनीवर टेकवणे टाळावे. गुडघा बदललेला असेल तर टेकवण्याबद्दल आपल्या सर्जनना विचारावे.

व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर घाबरू नये. सोसवेल इतके दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले तर मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले असेल किंवा सूज आली तर वजन किंवा संख्या कमी करावी. गुडघा लाल आणि गरम झाला, अडकला, ताप आला, शस्त्रक्रियेच्या जागेतून पाणी आले किंवा पोटरी सुजून दुखू लागली तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. हृदयविकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावी.

भवानरावांचे सगळे दावे आज कुणी मान्य करणार नाही. पण व्यायाम हा तरुण पुरुषांचा छंद नसून घरातल्या प्रत्येक बाईचा रोजचा हक्क आहे, तो थोडक्या जागेत, बिनखर्चात आणि मोजून करायचा असतो, आणि म्हातारपणीही सोडायचा नसतो, हे त्यांनी स्वतःच्या देहावर दाखवून दिले. त्या नेमाला सँडोच्या वाढत्या वजनाची जोड दिली की आजच्या आजीला पुरेसे आहे. अर्ध्या किलोच्या वजनपट्टीने सुरुवात करावी. तीन-चार महिन्यांनी चाळीचा जिना चढताना कठड्यावरची पकड सैल झालेली जाणवते, तेव्हा स्नायूंनी आपले काम सुरू केले असे समजावे.